गगनीच्या ट्रेमधली पानगी

सापगाव, ता. शहापूर
३ नोव्हेंबर २०२५

चि. नम्रता,

तुझा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. तू इतक्या जोरात बोलत होतीस की शेजारच्या मंगळीने कुंपणावरून विचारलं, "काय गो, भाची पास झाली काय?" म्हटलं, अजून परीक्षा व्हायचीय, पण माझी झोप आजपासूनच उडाली!

फोनवर सगळं बोलता येत नाही म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्या आईला फोनवरचं नीट ऐकू येत नाही आणि ती तुझ्या कानाशी "काय म्हनली, काय म्हनली" करत बसते. हे पत्र ओटीवर बसून मोठ्याने वाच. ताईला, गुणाबाईला, तुझ्या बचत गटातल्या सगळ्यांना ऐकू दे. बोर्डिंगात सिस्टर आम्हाला दर रविवारी दुपारी घरी पत्र लिहायला बसवायच्या. ती सवय या वयातही सुटलेली नाही.

तर 'गगनी' ही नवी विमान कंपनी आपल्याकडच्या बायकांकडून न्याहारीचे नमुने मागवतेय! मुंबईहून नागपूर, नांदेड, कोल्हापूरला उडणारं लहान विमान, आणि त्यात आपल्या म्हसा गावच्या बायकांच्या हातचं खाणं! नम्रता, माझी सगळी नोकरी विमानतळाजवळच्या फ्लाइट किचनमध्ये गेली. ट्रे लावण्यापासून सुरुवात केली आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. तेवढ्या वर्षांत एकदाही मला घरचा पदार्थ त्या ट्रेमध्ये ठेवायला मिळाला नाही.

पण एक गोष्ट मी तिथे शिकले. विमानाच्या शेपटीवर रंग कुठलाही असो, कंपनी कोणाची हे कळतं ते मांडीवरच्या ट्रेवरून. एक जपानी कंपनी होती. त्यांच्या ट्रेमध्ये सगळं इवलंसं, झाकणातलं. लोणच्याची वाटी जरा वाकडी लागली तर त्यांचा माणूस हसून, कमरेत वाकून अख्खा ट्रे परत करायचा. आखातातली एक होती, ती आधी खजूर द्यायची आणि मग बाकीचं बोलायची. युरोपातल्या एकीचं म्हणणं असं की बाकी काहीही गार चालेल, पाव मात्र हाताला गरम लागला पाहिजे. आणि आपल्या देशातली एक होती, तिच्या ट्रेमध्ये कटलेट, सोबत लिमलेटची गोळी आणि कानात घालायला कापूस! ती गोळी मी घरी आणायचे, तुला आठवत असेल. प्रत्येक घराची वाढायची एक रीत असते ना, तशी.

गगनीला स्वतःची रीत अजून सापडलेली नाही. ती तुम्ही द्यायची आहे. फक्त एक लक्षात ठेव. विमानात स्वयंपाक होत नाही, तिथे नुसतं गरम करतात. तो ओव्हन कोरडी गरम हवा फुंकतो. भाकरी दिलीस तर तिचा पापड होईल.

काय करायचं ठरवलंत ते लगेच कळव. ताईला नमस्कार.

तुझी अंजूमावशी


म्हसा, ता. मुरबाड
१० नोव्हेंबर

ती. अंजूमावशी,

तुझं पत्र ओटीवर वाचलं. कापसाच्या बोळ्यापाशी गुणाबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "कानात कापूस घालून खायचं तरी काय, गोजरच्या सासूची बडबड?" गोजर शेजारीच बसली होती. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "तसा कापूस मलाच द्या गो आणून."

आता मुद्दा. आम्ही आधी भाकरी आणि वालाचं बिरडं ठरवलं होतं. तुझा ओव्हन ऐकून दोन दिवस सगळ्यांची तोंडं पडली होती. रेश्मा म्हणाली, आपण वडापाव देऊ, सगळ्यांना माहीत आहे. गुणाबाई म्हणाल्या, "वडापाव खायला विमानात कशाला बसायचं? टेसनावर मिळतो."

आणि मग आई, जी कधी बोलत नाही, ती चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "पानगी करा. पान हाय ना वरून."

मावशी, मी उडीच मारली! तांदळाच्या पिठात ताक, आत भरडलेले सोललेले वाल, मिरची, आलं. सगळं केळीच्या पानात बांधून तव्यावर. तुझ्या ओव्हनने कितीही हवा फुंकली तरी पानाच्या आत वाफ राहते. रेश्माच्या दिराच्या बेकरीत तसला हवेचा ओव्हन आहे. आदल्या दिवशीच्या पानग्या त्यात ठेवून बघितल्या. पान करपलं, पण पानगी मऊच्या मऊ!

वीस तारखेला नमुना द्यायचा आहे. गुणाबाईंचा हट्ट, नवीन तांदळाचाच करायचा, तो खळ्यावरून कालच घरी आलाय. गगनीच्या सोनाली मॅडमनी आम्हा सगळ्या गटांना एकच वाक्य सांगितलंय: "आमचं विमान कुठलं आहे ते पहिल्या घासात कळलं पाहिजे." चाखणारी माणसं वेगळी, नमुन्यांवर नावं नाहीत, फक्त आकडे.

हे काम मिळालं तर रेश्माला आणि गोजरला रोज मुरबाडला कंपनीत पॅकिंगला जावं लागणार नाही. गटाची शेड वर्षभर चालेल. म्हणून जीव वरखाली होतोय. तू एकोणीसला ये. चाखून सांग. तुझ्याशिवाय कोणाला कळणार त्यातलं?

नम्रता


सापगाव
१४ नोव्हेंबर

चि. नम्रता,

पानगी छान आहे. मला एकोणीसला येता येणार नाही. इथे थोडं काम आहे. त्याबद्दल आता काही विचारू नकोस आणि कोणाला मला विचारायला सांगू नकोस.

मनापासून करा.

अंजूमावशी


म्हसा
२३ नोव्हेंबर

ती. मावशी,

तुझं पत्र मी ओटीवर वाचलं नाही. चार ओळी! आईने विचारलं तर मी सांगितलं, मावशीला सर्दी झालीय. ती म्हणाली, "सर्दीत हात लिवत नाय काय?"

आम्हाला वाटलं होतं, तू एवढी त्यातली माणूस, निदान दोन गोष्टी सांगशील. कदाचित तुला पानगी गावठी वाटली असेल. तुझ्या जपानी वाट्यांपुढे केळीचं पान. असू दे.

नमुना गेला. पहाटे गावातल्या अनिलने त्याचा टेंपो दाराशी लावला आणि इंजिन बंदच करेना. म्हणे, "बंद केली तर परत लागायची नाय." सगळं धुरात बांधलं. तुला माहीत आहे, नव्या तांदळाचं पहिलं रांधप गावदेवीचं असतं. तिला दाखवल्याशिवाय कोणी चाखायचं नाही, आणि रांधताना तोंडाला पदर बांधायचा, बोलायचंही नाही. चांगो भगत देऊळ उघडणार उजाडल्यावर, आणि टेंपो तर त्याआधी निघायचा. मी म्हटलं होतं, नमुन्याचं पीठ जुन्या तांदळाचं घेऊ. गुणाबाई ऐकतात होय! "आभाळात जानार, देवीच्या डोक्यावरून जानार, नि जुना तांदूळ?" मग सगळं तोंड बांधूनच झालं. देवीचं आणि विमानाचं एकाच पिठाचं. सगळ्या बायका खुणा करत होत्या. गोजरला हसू आवरेना म्हणून तिला बाहेर पाठवलं.

एक गडबड झाली आहे. ती टेंपो गेल्यावर कळली. निकाल लागेपर्यंत मी कोणाला सांगणार नाही, तुलाही नाही. सर्दी बरी झाली असेल तर लिही.

नम्रता


सापगाव
२६ नोव्हेंबर

माझी नम्रता,

हे पत्र आधी एकटी वाच, मग ओटीवर वाच. पण वाच नक्की, कारण आता लपवायचं काही उरलं नाही.

मी त्या विमानात होते!

तुझं दहाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गगनीचा फोन आला. त्यांना चाखणाऱ्यांत एक जुनं, फ्लाइट किचनमधलं माणूस हवं होतं. मी आधीच सांगितलं, माझ्या भाचीचा गट यात आहे. त्या सोनाली मॅडम म्हणाल्या, "नावं नसतात हो, फक्त आकडे. तुम्हाला कळणारही नाही. पण कोणाला सांगू नका." तेव्हा मी तुझ्याकडे येऊन, चाखून, मीठमिरची सांगून परत विमानात बसून तोच पदार्थ चाखायला कशी येणार होते? आणि माझी पत्रं तर तू अख्ख्या गटाला वाचून दाखवतेस! म्हणून चार ओळी. तुला गावठी वाटली असेल म्हणालीस ते वाचून मी पत्र पालथं घालून ठेवलं.

आता ऐक. चाखणी विमानतळावर नव्हतीच, आभाळात होती! विमान नागपूरला जाऊन परत. आम्ही पाच जण. खिडकीतून खाली बघितलं तर धुकं. वाटलं, याच्याच खाली कुठेतरी आपलं म्हसा गाव आहे, ताई भाताचं तूस पाखडत बसलीय. माझं वय विसरून मी खिडकीला नाक लावलं. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पहिल्यांदा बसताय?" इतकी वर्षं विमानांना जेवू घातलं, पण म्हटलं, "खिडकीजवळ पहिल्यांदाच."

एकेक ट्रे येऊ लागला. एका डब्यात पुरणपोळी होती, कडेने कडकडीत झालेली. एकात मसालेभात, बघायला सुंदर, पण तोंडात घातला तर काही चवच नाही. सगळे एकमेकांकडे बघतायत. मला माहीत होतं हे. वर गेलं की जीभ मंदावते. खाली जे चवदार, ते वर अळणी. मोठमोठ्या हॉटेलांचे स्वयंपाकी यात फसलेले मी पाहिलेत.

मग चौदा नंबर आला. पान सोडलं आणि वाफ आली. सगळ्यांच्या माना वळल्या, मागे बसलेल्या हवाईसुंदरीनेसुद्धा विचारलं, "कसला वास?" आणि मी? मी गाठ बघत होते. केळीच्या सोपटाच्या दोरीची, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. तुझ्या आजीने आम्हाला शिकवलेली गाठ. ताईच्या हातची. जगात ती गाठ दुसरं कोण बांधतं?

मी एक घास खाल्ला. आहाहा! मीठ कसं अगदी तिथल्या जिभेला पुरेल एवढं! मनात म्हटलं, माझी पोरगी हुशार गो, तिने न विचारता हे ओळखलं! ताईच्या हाताला तर मीठ कमी, लहानपणापासून कमी. म्हणजे हे तुझंच. तुझ्या डोक्यातलं.

आणि मग मी घास गिळून हात वर केला. म्हटलं, "चौदा नंबर माझ्या बहिणीच्या हातचा आहे. मला कळलंय. मी मत देत नाही."

सोनाली मॅडम म्हणाल्या, प्रामाणिकपणे सांगितलंत, पण आता जो निकाल लागेल त्यावर कोणीही बोट ठेवेल. सगळं चाखून झाल्यावर बाकीच्या चौघांनी तुम्हालाच पहिलं लावलं, नम्रता. तरी त्यांनी पहिले तीन नंबर पुन्हा चाखायचे ठरवलं. नवी माणसं, माझ्याशिवाय. बारा डिसेंबरला. पुन्हा विमानातच.

मी गप्प राहिले असते तर आज तुमच्या हातात काम असतं. रागावलीस तर रागाव. पण मला ती पानगी डोळे मिटून जिंकवायची नव्हती.

तुझीच,
मावशी


म्हसा
२९ नोव्हेंबर

ती. मावशी,

तुझं पत्र एकटीने वाचलं, मग ओटीवर वाचलं, मग गोजर उशिरा आली म्हणून परत वाचलं.

आधी राग. आलाच. हातात आलेलं काम परत टेबलावर गेलं. रेश्मा तर उठून विहिरीवर निघून गेली. तिने कंपनीच्या साहेबाला सांगूनही टाकलं होतं की नव्या वर्षापासून येणार नाही. पण परत येऊन तिनेच म्हटलं, "मावशीने सांगितलं नसतं नि कोणी नंतर काढलं असतं, तर आपलं नाव काय राहिलं असतं?" आणि आई म्हणाली, "अंजू तशीच हाय. लहानपणी बोरं चोरली तरी घरी येऊन सांगायची, नि मार मला पडायचा."

आता तू खुर्चीत बस आणि ऐक. ती हुशारी माझी नव्हे. ती गडबडच होती!

तुला लिहिलं ना, तोंड बांधलेलं, बोलायचं नाही. गुणाबाईंनी पीठ भिजवताना मीठ घातलं. मग त्या पानं पुसायला बाहेर गेल्या. आई आली, पीठ बघितलं, तिला वाटलं मीठ राहिलंय. तिनेही घातलं. विचारायचं कसं? चाखायचं कसं? टेंपो गेला, देऊळ उघडलं, नैवेद्य झाला आणि आम्ही प्रसाद तोंडात घातला. मावशी, चांगो भगत तांब्याभर पाणी प्याला! म्हणाला, "देवीला आज समुद्र दाखवला काय?"

आणि तिथेच देवळासमोर दोघी सुरू.

"मी घातलं होतं गो! तू कशाला घातलंस?"

"तू घातलंस ते सांगितलंस काय?"

"तोंड बांधलेलं, सांगू कशी?"

"हाताने खुणा करता येत नाय?"

"मिठाची खूण कशी करतात, दाखव मला!"

गोजरने दाखवली. चिमूट धरून हात हलवला. गुणाबाई म्हणाल्या, "ती हळदीची बी हाय."

मी रात्रभर रडले होते. मला वाटलं संपलं सगळं. आणि तू म्हणतेस, वर गेल्यावर ते अगदी बरोबर लागलं! ओटीवर हे वाचलं तेव्हा आई आणि गुणाबाई एकमेकींकडे बघून अशा हसल्या, अशा हसल्या!

आता मात्र भांडण वेगळंच लागलंय. बाराला काय करायचं? गुणाबाई म्हणतात, एकदा चुकलं ते देवीने झाकलं, आता नीट मिठाची करू, लोकांना खारट कसं वाढायचं? कालपासून तीन-चारदा करून बघितली, दुप्पट मीठ घालून. ज्याने चाखली त्याने थू थू केलं. दर वेळी चाखतात, आणि दर वेळी पुढच्या पिठात चिमूटभर कमी करतात. मी ओरडते, ही जीभ जमिनीवरची आहे! पण माझ्याही जिभेला ते खारटच लागतं. तू आता चाखणाऱ्यांत नाहीस. तू सांग ना, किती?

नम्रता


सापगाव
२ डिसेंबर

चि. नम्रता,

चांगो भगताच्या तांब्यापाशी मी इतकी हसले की मंगळी धावत आली.

पण किती, ते मी सांगणार नाही. चाखणाऱ्यांत नाही खरी, पण तिथे बसून आले आहे. दुसऱ्या दोन गटांना सांगणारी मावशी नाही. गुणाबाईंनी पदर बांधला होता, तसा तो आता मी बांधलाय असं समज.

एवढंच म्हणते. तुझ्या स्वयंपाकघरात कोणाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा, हे तूच ठरव. भांडून ठरवू नकोस. ठरवून मग भांड.

मावशी


म्हसा
२१ डिसेंबर

ती. मावशी,

मिळालं!!!

सोनाली मॅडमचा काल दुपारी फोन आला. मी शेडमधून धावत घरी, तिथून गुणाबाईंकडे, तिथून रेश्माकडे. चप्पल कुठे राहिली ते आज कळलं.

अकराच्या रात्री मी काय केलं ते सांगते. सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, उद्या कोणी चाखायचं नाही. गुणाबाई म्हणाल्या, "देवीचं तर झालं. आता कुनासाठी?" मी म्हटलं, "जी माणसं वर बसून खाणार आहेत, पहिला घास त्यांचा." त्या म्हणाल्या, "मुद्दाम चुकायचं म्हंजे लई अवघड गो. पन करू." पहाटे त्यांनी मीठ घातलं, आपल्या हाताचं. मग आईने घातलं, आपल्या हाताचं. दोघींनी पदर बांधलेला. एकमेकींकडे बघितलंही नाही. आम्ही एक कणही तोंडाला लावला नाही. अनिलचा टेंपो गेल्यावर शेडमध्ये उरलेल्या पानग्या आम्ही झाकून तशाच ठेवल्या, कारण एकीने जरी खाल्ली असती तरी दिवसभर सगळ्यांनी जीव टांगला असता.

पाचही जणांनी आम्हाला पहिलं लावलं. पाचही अनोळखी! आता तू खुशाल अभिमानाने सांग की भाचीचं आहे.

पण थांब, एवढ्यावर संपलं नाही. फोनवरच घोळ झाला होता. मॅडम म्हणाल्या, एका ट्रेमध्ये एक पानगी. वजन, जागा, खर्च, सगळं त्यांचं ठरलेलं. मी "हो" म्हणणारच होते. आईने विचारलं, "काय म्हनली?" मी सांगितलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला. मावशी, आई! जी जन्मात कोणाशी फोनवर चार शब्द बोलली नसेल, ती मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली:

"एकच नाय वाढायची बाय. एकच वाढली म्हंजे परत येऊ नको म्हनल्यासारखं. आमच्याकडं तसं नाय."

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, गेलं आता हातचं! आईला वाटलं फोन बंद पडला, तिने तो हलवून बघितला. मग मॅडमनी फोन मला द्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "नम्रता, आम्ही सहा महिने मोठमोठ्या लोकांना बसवून विचारतोय, आपली कंपनी कशी आहे, कशी आहे. वजन मी वाढवू शकत नाही. पण त्याच वजनात दोन लहान करता येतील?"

आईला विचारलं. तिने हाताच्या बोटांनी केवढी ते दाखवलं. गुणाबाईंनी तिचं बोट धरून जरा मोठी दाखवली. परत भांडण लागायच्या आत मी "हो" म्हणून टाकलं.

आई आता माझ्याशेजारी बसलीय. म्हणते, माझ्याकडून अंजूला लिही. ती सांगेल तसंच लिहिते:

अंजू, पाच जानेवारीपासून सुरू हाय. तू वर बसून खाल्लीस, मी अजून नाय. कसं लागतं ते मला ठाव नाय. पन मी आता चुलीजवळ बसते, तवा इमान वरून गेलं का मान वर करते. त्यातल्या मानसानं दुसरी पानगी खाल्ली का पान तसंच ठेवलं, ते कसं कळायचं गो? तू त्या मॅडमला विचार. परत आलेल्या ट्रेत मोजून सांगाय सांग. एकच खाल्लेली दिसली तर मला कळव, मी हात बदलते.

तुझी ताई रंभा
आणि नम्रता